स्पॅनिश रेड वाईन आणि घरचं जेवण: बाटली आणण्यापासून शेवटच्या घासापर्यंतचा क्रम

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या घरी स्पॅनिश रेड वाईनची बाटली उघडली, की दुसऱ्या दिवशी बहुधा एकच तक्रार कानावर येते. वाईन कडू लागली, घशाशी जळजळली, आणि जेवणाबरोबर तर अजिबातच जमली नाही. फार कमी वेळा दोष बाटलीचा असतो. बाटली तीस अंशांवर उघडलेली असते, ग्लास काठोकाठ भरलेला असतो आणि पहिला घोट झणझणीत रश्शावर घेतलेला असतो. अशा वेळी स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाची कितीही चांगली वाईन आणली तरी ती कडवटच लागणार.

इथे चार माणसं, एक बाटली, रात्री नऊचं जेवण आणि सुक्या मटणाचा बेत धरून पायऱ्या लिहिल्या आहेत. शाकाहारी बेतही त्यात आहे. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: वाईन दोनदा चाखायची आहे, आधी नुसती आणि मग घासाबरोबर. पहिली चव गाळली, तर ताटावर बसल्यावर वाईन बिघडली की जेवणाने तिला बिघडवलं, हे कळायला मार्ग उरत नाही.

## १. आधी बेत ठरवा, बाटली नंतर

बहुतेक जण उलट करतात. बाटली भेट मिळालेली किंवा विमानतळावरून आणलेली असते, आणि मग घरात जे शिजलंय त्याबरोबर ती उघडली जाते. जेवण आपल्या हातात असतं, वाईन नसते. म्हणून सुरुवात जेवणापासून.

रेड वाईनला घरच्या मराठी जेवणातल्या दोन गोष्टी झेपत नाहीत: फार तिखट आणि उघड गोड. बाकी बरंच काही झेपतं. भाजलेलं सुकं खोबरं, परतून तपकिरी केलेला कांदा, लवंग-दालचिनी, गोडा मसाला, तीळ, शेंगदाणे, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं हे सगळं स्पॅनिश रेडच्या बाजूचं आहे. रिओहातल्या अनेक वाईन परंपरेने अमेरिकन ओकच्या पिंपात मुरवतात, आणि त्या लाकडातून वाईनमध्ये व्हॅनिला, खोबरं, लवंग यांच्या जवळचे वास उतरतात. म्हणून आपलं खोबरं-कांद्याचं वाटण आणि रिओहा यांचं जुळणं अगदी स्वाभाविक आहे. खुद्द रिओहात कोकराच्या बरगड्या द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजून याच वाईनबरोबर खातात. मटणासाठी दुसरीकडे शोध घ्यायची गरज नाही.

बेत ठरवताना वारही बघा. श्रावण, संकष्टी, घरातला पाळलेला गुरुवार असेल तर शाकाहारी बेत घ्या, तो कुठेही कमी पडत नाही. २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे किंवा निवडणुकीचा काळ असेल, तर बाटली आधीच घरात हवी. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

सावध: बांगडा, सुरमई, बोंबील, सुकट यांच्याबरोबर रेड वाईन नको. वाईनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की तोंडात गंजलेल्या लोखंडासारखी चव उरते आणि मासा अधिकच उग्र लागतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बाजारातून ताजी मासळी आणलीच असेल, तर त्या रात्री ही बाटली तशीच राहू द्या.

## २. दुकानात लेबल वाचा

नाव आणि चित्र बघून बाटली उचलू नका. लेबलवर चार गोष्टी शोधा: प्रदेश, मुरवण्याचा वर्ग, साल आणि अल्कोहोलचं प्रमाण.

प्रदेशात रिओहा आणि रिबेरा देल दुएरो ही दोन नावं सर्वांत आधी दिसतील. दोन्हीकडचं मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. रिबेरात त्यालाच तिन्तो फिनो म्हणतात, आणि तिथली वाईन साधारणपणे अधिक दाट, अधिक तुरट असते. गार्नाचा द्राक्षाची वाईन फळांच्या चवीची आणि कमी तुरट, चिकनला चांगली. हुमियाची मोनास्त्रेल आणि तोरोची वाईन जड आणि अल्कोहोलने जोरकस असते.

वर्ग समजला की अर्धं काम होतं. रिओहात रेड वाईनसाठी हे किमान नियम आहेत:

- क्रिआन्सा: किमान २ वर्षं मुरलेली, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात.
- रेसेर्वा: किमान ३ वर्षं, त्यातलं किमान १ वर्ष पिंपात आणि ६ महिने बाटलीत.
- ग्रान रेसेर्वा: किमान ५ वर्षं, त्यातली किमान २ पिंपात आणि २ बाटलीत.

यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल, किंवा इंग्रजी जे अक्षराने सुरू होणारा होवेन हा शब्द असेल, तर ती बहुधा तरुण वाईन. रिओहाच्या बाटलीवर मागच्या बाजूला नियामक मंडळाची छोटी पट्टी असते. तरुण वाईनला हिरवी, क्रिआन्साला लाल, रेसेर्वाला गडद मरून, ग्रान रेसेर्वाला निळी. दुकानदाराला विचारण्याआधी ती पट्टी बघा. आणि ही हमी स्पॅनिश बाटलीपुरतीच धरा, कारण इतर अनेक देशांत ‘रिझर्व्ह’ या शब्दाला असा कायदेशीर अर्थ नाही.

मसालेदार मटणासाठी माझी निवड पक्की आहे: रिओहा क्रिआन्सा, अल्कोहोल साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. महाग म्हणून ग्रान रेसेर्वा घेणं ही या जेवणापुरती चूक ठरते. तिचे मुरलेले वास, सुका पाला, चामडं, तंबाखू, फार हळुवार असतात आणि गोड्या मसाल्याखाली ते ऐकूच येत नाहीत. तिला मिरी-मिठाचं साधं भाजलेलं मटण द्या. साडेचौदा-पंधरा टक्क्यांची बाटलीही टाळा, कारण अल्कोहोल आणि मिरची एकमेकांची आग वाढवतात.

तपासा: बाटली उजेडासमोर धरा. वाईनची पातळी मानेत वर असावी. बुचावरचं वेष्टण फुगलेलं किंवा बूच वर सरकलेलं नसावं, मानेवरून चिकट ओघळ आलेला नसावा. यांपैकी काही दिसलं, तर बाटली कुठेतरी तापलेली आहे. काचेच्या दर्शनी खिडकीत उभ्या ठेवलेल्या बाटल्यांना हात लावू नका. एसी चालू असलेलं आणि माल भराभर उठणारं दुकान निवडा.

## ३. घरी आणताना आणि ठेवताना

संध्याकाळी उशिरा खरेदी करा. मे महिन्यात दुपारी घोडबंदर रोडला उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली बाटली उकडून निघते. तिच्यातला ताजा फळांचा वास जातो, मुरंब्यासारखी जड, सपाट चव येते, आणि ती परत सुधारत नाही. स्कूटरच्या सीटखालची जागा त्याहून वाईट.

घरी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, आतल्या भिंतीला लागून, आडवी ठेवा. फ्रिजच्या डोक्यावर नको, गॅसच्या ओट्याजवळ तर नकोच. दोन-तीन आठवडे अशी चालेल. त्याहून जास्त ठेवायची असेल तर भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा. फ्रिज ही आदर्श जागा नाही, पण आपल्याकडच्या बत्तीस अंशांच्या कपाटापेक्षा ती केव्हाही बरी.

## ४. दुपारी: वाटण, मटण आणि घरातले वास

स्वयंपाक संध्याकाळी साडेसातपर्यंत उरकायचा आहे. फोडणीच्या वासात वाईनचा वास घेता येत नाही, म्हणून मध्ये पाऊण तास मोकळा हवा.

चार जणांना ७५० ग्रॅम बकऱ्याचं मटण, खांद्याचं किंवा मांडीचं, थोडी चरबी ठेवून. चरबी काढून टाकू नका, वाईनचा तुरटपणा मऊ करायला तीच उपयोगी पडणार आहे. हळद, दीड चमचा मीठ, दोन चमचे आलं-लसूण लावून तासभर ठेवा. वाटणासाठी दोन कांदे उभे चिरून तेलावर तपकिरी होईपर्यंत परता. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा. एक मोठा चमचा धणे, चार लवंगा, आठ मिरीदाणे, इंचभर दालचिनी, चमचाभर बडीशेप आणि पाच ब्याडगी मिरच्या, बिया काढून, मंद आचेवर गरम करा. सगळं एकत्र बारीक वाटा.

कुकरमध्ये एक कांदा परतून त्यावर मटण दहा मिनिटं चांगलं परता, वाटीभर गरम पाणी घाला. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग पंधरा मिनिटं बारीक आचेवर. वाफ गेल्यावर वाटण घालून पसरट कढईत तेल सुटेपर्यंत आटवा. रस्सा ठेवू नका. मसाला मटणाला लगडलेला हवा, कारण पातळ रस्सा जिभेवर पसरतो आणि वाईनला जागा देत नाही.

सावध: खोबरं बदामी रंगावर थांबवा. काळपट झालं की कडू होतं, आणि वाईनच्या तुरटपणाबरोबर तो कडूपणा दुपटीने जाणवतो. या बेताचा सर्वाधिक घात करपलेलं वाटणच करतं.

घरात आगरी मसाला वापरत असाल, तर रोजच्या एक तृतीयांश घाला आणि बाकी रंग ब्याडगीवर सोडा. हिरवी मिरची नको. वरून मूठभर कच्ची कोथिंबीर पेरण्याचा मोहही आवरा, चार पानं पुरेत. ज्यांना वाईन घ्यायची नाही त्यांच्यासाठी थोडं मटण बाजूला काढून त्यात हवा तसा तिखट रस्सा करा. आजी-आजोबांना आळणी जेवायला लावायचं काही कारण नाही.

शाकाहारी बेतात भरली वांगी घ्या: दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला, आणि गूळ अजिबात नाही. चिंचेचा कोळ नेहमीच्या निम्मा. वाशीच्या बाजारातून चांगली मशरूम मिळाली, तर तीही याच वाटणात सुकी करा. मशरूमबरोबर वाईन थोडी कडवट वाटू शकते, तिथे मीठ किंचित पुढे ठेवलं की फरक पडतो. वालाचं बिरडं, मेथी, कारलं हे आपले आवडते पदार्थ या रात्री नकोत. त्यांचा कडवटपणा आणि वाईनचा तुरटपणा एकमेकांना धार लावतात.

याच वेळी ग्लासांकडे बघा. पोट मोठं आणि तोंड किंचित आत वळलेलं असे ग्लास हवेत. सुगंधी साबणाने धुतलेल्या किंवा महिनोन्महिने कपाटात उपड्या ठेवलेल्या ग्लासात स्वतःचाच वास असतो. नुसत्या गरम पाण्याने खळबळून, बिनवासाच्या सुती फडक्याने पुसून ठेवा. संध्याकाळनंतर उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, डासांची कॉईल नको. देवापुढचा दिवा-उदबत्ती सातच्या आत आटोपून खिडक्या उघडा.

तपासा: रिकाम्या ग्लासात नाक घालून वास घ्या. काहीतरी येत असेल तर परत धुवा.

## ५. तापमान

या एका पायरीवर सर्वाधिक बाटल्या वाया जातात. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड देशातल्या घरांसाठी आहे, जिथे खोली सतरा-अठरा अंशांची असते. आपली खोली अठ्ठावीस ते बत्तीस अंशांची. त्या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात शिरतो, फळ मागे राहतं आणि वाईन औषधासारखी लागते.

क्रिआन्सा आणि रेसेर्वा १६ ते १८ अंश सेल्सिअसला द्या, होवेन १४ ते १६ ला. परदेशी लेखांत ‘वीस मिनिटं फ्रिजमध्ये’ असं वाचायला मिळतं, पण ते त्यांच्या खोलीतून सुरुवात करून. तीस अंशांच्या बाटलीला सतरावर यायला घरच्या फ्रिजमध्ये साधारण दीड ते दोन तास लागतात. म्हणून सहाला बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि पावणेआठला बाहेर काढा.

विसरलात, तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. बारा ते पंधरा मिनिटांत काम होतं. पाणी हवंच, नुसत्या बर्फात खडे बाटलीला जेमतेम टेकतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाहुणे येतात, गप्पा सुरू होतात आणि बाटली आतच राहून फुटते.

बाटलीवर बाहेरून पाणी सुटलं म्हणजे ती पुरेशी गार झाली, असं समजू नका. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत वीस-बावीस अंशांची बाटलीही घामेजते. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ग्लासात दोन बोटं वाईन ओतून मोजा. नसेल तर किंचित जास्त गार ठेवण्याकडे झुका. गार वाईन ग्लासात पाच-सात मिनिटांत आपोआप वर येते, गरम वाईन ग्लासात कधीच गार होत नाही.

सावध: वाईनमध्ये बर्फ टाकू नका. चव पातळ होते आणि तुरटपणा मात्र तसाच राहतो. जेवण चालू असताना बाटली पंख्याखाली टेबलावर न ठेवता फ्रिजच्या दारात ठेवा आणि लागेल तेवढीच काढा.

## ६. बूच काढणं आणि हवा देणं

वेष्टण मानेच्या खालच्या कडेला कापा, ओतताना वाईन त्याला लागायला नको. कॉर्कस्क्रूचं टोक बुचाच्या बरोबर मधोमध लावा आणि सरळ फिरवत शेवटचा एक वेढा बाहेर राहील इतकं आत घाला. मग हळू वर ओढा. कॉर्कस्क्रू नसेल तर बूच आत ढकलू नका, शेजाऱ्यांकडे मागा. पुष्कळ घरांत तो आता असतो.

नुसतं बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य. मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातून कितीशी हवा लागणार? हवा द्यायची तर वाईन ओतावी लागते. क्रिआन्सा स्वच्छ काचेच्या जगमध्ये ओतून वीस-तीस मिनिटं ठेवा. रेसेर्वाला अर्धा ते पाऊण तास. होवेनला काही गरज नाही. जुनी ग्रान रेसेर्वा आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, तळाशी गाळ बसेल. मग न हलवता ओता, शेवटचा गाळाचा घोट बाटलीतच राहू द्या आणि तासन्‌तास उघडी ठेवू नका. गरम खोलीत काचेच्या जगभोवती ओला पंचा गुंडाळला तर तापमान टिकतं.

तपासा: ओतण्याआधी एक घोटभर ग्लासात घेऊन वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर बूच खराब निघालं आहे. हवा दिल्याने तो जात नाही, उलट वाढतो. व्हिनेगरचा झोत आला किंवा तरुण वाईन तपकिरी दिसली, तरी ती पाहुण्यांपुढे ठेवू नका. बिल सांभाळून ठेवलं असेल तर दुकानात परत न्या.

## ७. पहिली चव: नुसती वाईन

सव्वाआठ. प्रत्येकी चाळीस-पन्नास मिलिलिटर ओता, जास्त नाही. ग्लास एक तृतीयांशाहून अधिक भरला तर हलवायला जागा राहत नाही आणि वास साठत नाही. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, बडीशेप, पान, पुदिन्याची गोळी काही नको. फरसाणाची बशी तर दृष्टीआड करा.

बघा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग पाहा. जांभळट कड म्हणजे वाईन तरुण, विटकरी म्हणजे मुरलेली. ठाण्यातल्या बहुतेक दिवाणखान्यांत पिवळा दिवा असतो, त्यात सगळंच विटकरी दिसतं. पांढऱ्या दिव्याखाली बघा.

वास घ्या. आधी ग्लास न हलवता, मग टेबलावर टेकवून गोल फिरवून. तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने. फळ कोणतं? तेम्प्रानियोत चेरी, आलुबुखार आढळतं, आणि आपल्या नाकाला करवंद, तुती, पिकलं जांभूळ लवकर ओळखू येतं. तेच शब्द वापरा, परक्या फळांची यादी पाठ करायची गरज नाही. मग लाकूड: व्हॅनिला, लवंग, सुकं खोबरं, धूर. शेवटी मुरल्याच्या खुणा: सुकी पानं, चामडं, तंबाखू. क्रिआन्सात हा तिसरा भाग थोडाच सापडेल.

घोट घ्या. छोटा घोट, तोंडात सगळीकडे फिरवून, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आता चार जागांकडे लक्ष द्या. जिभेच्या कडांना सुटणारं पाणी म्हणजे आंबटपणा. हिरड्या आणि गालांच्या आत येणारी ओढ, सुपारी चघळल्यावर येते तशी, म्हणजे टॅनिनचा तुरटपणा. घशातली ऊब अल्कोहोलची. आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा.

तुरट आणि कडू यांत इथे गल्लत होते. कडू ही जिभेला कळणारी चव आहे. तुरट हा मुळात स्पर्श आहे, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड कोरडं पडतं. हा फरक पक्का झाला की पुढची पायरी सोपी जाते, कारण जेवण प्रामुख्याने या तुरटपणाशीच व्यवहार करणार आहे.

मोबाइलमध्ये चार शब्द लिहून ठेवा. एका घोटावर मत ठरवू नका, पहिला घोट तोंडाला ओळख करून देण्यापुरता.

## ८. पाच चिमटींची चाचणी

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. ताटात दहा चवी एकत्र येतात, तिथे कोणी काय बिघडवलं ते सापडत नाही. म्हणून आधी एकेक चव वेगळी करून बघायची. दहा मिनिटं लागतात.

एका ताटलीत पाच गोष्टी मांडा: खारे शेंगदाणे, तूप लावलेला भाकरीचा तुकडा, लिंबाची फोड, गुळाचा खडा आणि लाल तिखट. प्रत्येक वेळी क्रम तोच. वाईनचा घोट, मग चिमूटभर पदार्थ, मग पुन्हा घोट. मध्ये साधं पाणी.

*मीठ.* शेंगदाण्यांनंतर तुरटपणा कमी वाटतो आणि फळ पुढे येतं. म्हणून या जेवणात मीठ कमी पडू देऊ नका.

*स्निग्ध.* तुपाने तोंडाला लेप बसतो, वाईन तो धुऊन काढते, आणि दोन्ही हलके वाटतात. मटणाची चरबी आणि प्रथिनं नेमकं हेच काम करणार.

*आंबट.* जिभेला लिंबाचा थेंब लावून घोट घ्या. वाईन एकदम मऊ, थोडी गोडसरही वाटेल. थोडा आंबटपणा वाईनच्या फायद्याचा, पण जेवण वाईनपेक्षा जास्त आंबट झालं तर ती पाणचट होते.

*गोड.* गुळानंतर तीच वाईन आंबट, कोरडी आणि कडवट होते. अनेकांना हा फरक धक्का देतो. आमटीतला गूळ, कोशिंबिरीतली साखर, आणि श्रीखंडाबरोबर संपवलेला ग्लास यांचं काय होतं, ते इथे एका खड्यात कळतं.

*तिखट.* शेवटी घ्या, कारण ते जिभेवर राहतं. आधी अगदी कणभर, मग चिमूट. कणभराने वाईनचे मसालेदार वास जागे होतात. चिमटीने अल्कोहोल भाजायला लागतो, तुरटपणा टोचतो आणि फळ गायब होतं. तुमच्या घरच्यांची मर्यादा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ती तुम्हाला आता समजली. मटण त्या मर्यादेच्या वर गेलं असेल, तर अजून वेळ आहे. दोन चमचे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि चमचाभर तूप घालून पाच मिनिटं परत आटवा. साखर घालून तिखट मारू नका.

## ९. ताट

पावणेनऊला मटण गरम करा, पण ताटात वाफाळतं नको. भाजणाऱ्या जिभेला चव लागत नाही. तांदळाची भाकरी किंवा वडे, एखादा तळलेला पापड, आणि कांदा कच्चा न देता तव्यावर भाजून. लोणचं, ठेचा, ताक, सोलकढी या रात्री ताटात नकोत. लोणच्याची एक फोड पुढचे तीन घोट नासवते. कुणाला ठेच्याशिवाय जमतच नसेल, तर ग्लास संपल्यावर वाढा.

आता वाईन जेवणासाठी ओता, सुमारे शंभर मिलिलिटर. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून चाखण्यासाठी दोनशे गेले तरी चौघांना एकेक ग्लास सहज मिळतो आणि थोडी उरते.

घास चावून गिळा, क्षणभर थांबा, मग छोटा घोट. घास तोंडात असताना वाईनने ढकलू नका. तहान लागली तर पाणी प्या, प्रत्येकापुढे पाण्याचं भांडं हवंच. पहिले तीन घास लक्ष देऊन घ्या आणि लिहिलेल्या चार शब्दांशी ताडून बघा. लवंग पुढे आली का? तुरटपणा कमी झाला का? गिळल्यावर खोबरं आणि लाकूड यांतलं काय जास्त टिकलं?

काही बिघडलं तर उपाय जागेवरच करा. वाईन कडू लागतेय, तर मटणावर मिठाची चिमूट. जळजळतेय, तर भाकरीला तूप लावा आणि बाटली परत पाच मिनिटं गार करा. पाणचट वाटतेय, तर ताटात काहीतरी फार आंबट आहे, ते बाजूला सारा.

मटणानंतर वरण-भात, तूप, मीठ, अगदी थोडं लिंबू. वरणात गूळ नको. साध्या वरण-भातावर क्रिआन्साचा शेवटचा घोट फार छान लागतो. गोड पदार्थ वाईन संपल्यावर दहा मिनिटांनी द्या.

सावध: गाडी चालवणाऱ्याने वाईन घेऊच नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे, आणि ‘एकच ग्लास’ या हिशोबावर ती तोलता येत नाही. वाशी-नेरूळहून आलेल्या पाहुण्यांसाठी शेवटच्या लोकलची वेळ आधी बघा, किंवा कॅब सांगून ठेवा.

## १०. उरलेली वाईन

काचेच्या जगमध्ये उरलेली वाईन परत बाटलीत ओता, बूच घट्ट लावा आणि लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवा. रात्रभर टेबलावर राहिली तर आपल्या हवेत सकाळपर्यंत तिचा ताजेपणा गेलेला असतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. छोटी काचेची बाटली असेल तर तिच्यात गच्च भरून ठेवा, वर हवा कमी राहिली की जास्त टिकते. पुन्हा घेताना वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मटणाबरोबर तीच वाईन घोटभर घेऊन बघा. रात्रीतून मसाला मटणात मुरलेला असतो, वाईनचा तुरटपणाही थोडा उतरलेला असतो, आणि बऱ्याचदा जोडी आदल्या रात्रीपेक्षा चांगली जमते. चौथ्या दिवशी नाकाला आंबूस वास आला, तर ती पिऊ नका. पुढच्या मटणाला कुकर लावताना अर्धी वाटी पाण्याऐवजी घाला आणि आटवताना नीट शिजू द्या.